नवस फेडणारा नट : डॅनी थॉमस

नवस बोलणे सोपे असते, तो फेडणे अवघड. संकटाच्या घडीला माणूस देवाला काय काय कबूल करतो आणि संकट सरले की ते किती सहज विसरतो, हे आम्ही धर्मगुरू वर्षानुवर्षे पाहत आलो आहोत. संत ज्यूडच्या नोव्हेनाला येणारे भाविक नोकरी, परीक्षा, आजारपण, अडलेले लग्न अशी नाना गाऱ्हाणी घेऊन येतात. मागणे पदरात पडले की मेणबत्ती लावली जाते, दानपेटीत नोट पडते आणि पुष्कळांच्या लेखी व्यवहार तेथेच पुरा होतो.

आज आम्ही अशा एका माणसाची जीवनकथा सांगणार आहोत, ज्याने तरुणपणी, खिसा रिकामा असताना, याच संताला एक वचन दिले आणि ते पाळण्यात उरलेले सारे आयुष्य वेचले. तो संन्यासी नव्हता की धर्मगुरूही नव्हता. रात्रीच्या क्लबांत लोकांना हसवणारा तो एक नकलाकार होता आणि पुढे अमेरिकेच्या घराघरांत पोहोचलेला दूरचित्रवाणीचा नट झाला. त्याचे नाव डॅनी थॉमस.

स्थलांतरितांचे घर

लेबनॉनच्या उत्तरेस, देवदार वृक्षांच्या प्राचीन राईजवळ, डोंगरकुशीत बशर्री नावाचे गाव आहे. ते मरोनाइट कॅथलिकांचे. मरोनाइट ही पोपमहोदयांशी एकनिष्ठ असलेली पौर्वात्य ख्रिस्तसभा असून तिच्या उपासनेत आजही सिरियाक भाषा ऐकू येते. या गावातून चार्ल्स याकूब कैरूझ आणि मार्गारेट हे दांपत्य पोटापाण्यासाठी अमेरिकेत गेले. मिशिगन राज्यातील डिअरफील्ड येथे ६ जानेवारी १९१२ रोजी, म्हणजे तीन राजांच्या सणाच्या दिवशी, त्यांना मुलगा झाला. त्याचे नाव मुझियाद याकूब. शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या जिभेला हे नाव पेलेना, म्हणून पुढे त्याचे अमोस जेकब्स झाले. दहा भावंडांचे ते कुटुंब लवकरच ओहायो राज्यातील टोलेडो शहरात स्थायिक झाले. अमोस बराचसा वाढला तो टोनीकाका आणि ज्युलियाकाकी यांच्या घरी.

घरी दारिद्र्य होते, पण श्रद्धा बळकट होती. तान्ह्या भावाच्या जिवावर बेतले तेव्हा आईने नवस केला की बाळ वाचले तर वर्षभर दारोदार हिंडून गोरगरिबांसाठी भिक्षा मागेन. बाळ वाचले आणि आई खरोखरच दारोदार हिंडली, असे डॅनी पुढे सांगत. देवाला दिलेला शब्द कसा पाळायचा असतो, याचा पहिला धडा त्यांना घरातच मिळाला होता.

अमोस लहानपणी वर्तमानपत्रे विकत असे. थोडा मोठा झाल्यावर तो एका नाटकगृहात खाऊ आणि सोडा विकू लागला. प्रेक्षकांमधून टोपली घेऊन फिरताना त्याचे लक्ष रंगमंचावरील विदूषकांकडे लागलेले असे. कोणत्या शब्दावर थांबले की हशा पिकतो आणि कोणता शब्द घाईने उच्चारला की विनोद वाया जातो, हे त्याने तेथेच टिपले. याच काळात टोलेडोचे महागुरुस्वामी सॅम्युएल स्ट्रिच यांच्या हस्ते त्याला दृढीकरणाचा संस्कार मिळाला. संस्कार देणारे हे हात पुढे तीस वर्षांनी त्याच्या आयुष्याला पुन्हा वळण देणार होते.

सात डॉलर आणि एक वचन

१९३२ साली डेट्रॉइट शहरातील एका नभोवाणी केंद्रावर अमोसला संधी मिळाली. तेथेच रोझ मेरी या इटालियन वंशाच्या गायिकेशी त्यांची ओळख झाली आणि १९३६ साली दोघे विवाहबद्ध झाले. महामंदीचे दिवस होते. आज काम मिळाले तर उद्या मिळेल याची शाश्वती नव्हती. नवऱ्याने हे बेभरवशाचे काम सोडून एखादा स्थिर नोकरीधंदा पाहावा असे पत्नीला वाटे, आणि तिचे काही चुकत होते असे म्हणता येणार नाही.

नोव्हेंबर १९३७ मध्ये त्यांना पहिली मुलगी झाली. इस्पितळाचे बिल कसे भागवायचे, हा घोर लागून राहिला होता. अशा मनःस्थितीत ते मिस्साला गेले असता खिशातील शेवटचे सात डॉलर त्यांनी दानाच्या टोपलीत टाकले. लगेच दुसऱ्या दिवशी त्यांना एक छोटे काम मिळाले आणि त्याचा मोबदला टाकलेल्या पैशांच्या सुमारे दहापट होता, ही आठवण ते आयुष्यभर सांगत राहिले.

येथे आम्हांला वाचकांना सावध करावेसे वाटते. देवाला सात द्यावेत आणि त्याने सत्तर परत करावेत, असा या कथेचा अर्थ लावला तर श्रद्धेची सावकारी होईल. स्वतः डॅनींनीही तसा अर्थ लावला नाही. काही काळाने पुन्हा कोंडी झाली तेव्हा ते संत ज्यूडपुढे गुडघे टेकून बसले. त्यांनी धन मागितले नाही, कीर्तीही मागितली नाही. आयुष्याची वाट दाखव, एवढेच मागितले. ती सापडली तर तुझ्यासाठी एक पवित्र स्थान उभारीन, असे वचन दिले.

संत ज्यूड हे प्रभू येशूच्या बारा प्रेषितांपैकी एक. विश्वासघात करणाऱ्या यहूदाच्या नावाशी त्यांच्या नावाचे साम्य असल्यामुळे भाविक त्यांचा धावा करायला कचरत, आणि म्हणूनच सगळे उपाय थकलेली माणसे त्यांच्याकडे वळू लागली, असे परंपरा सांगते. २८ ऑक्टोबरला त्यांचा सण येतो. अमेरिकेत या भक्तीला बहर आला तो महामंदीत. शिकागोच्या दक्षिण भागातील पोलाद कारखान्यांतून कामगार बेकार होत असताना, १९२९ साली क्लॅरेशियन धर्मगुरूंनी तेथील आपल्या धर्मग्रामात संत ज्यूडचे राष्ट्रीय तीर्थस्थान सुरू केले.

त्याच शिकागोत ऑगस्ट १९४० मध्ये अमोस जेकब्स यांना एका क्लबात काम मिळाले. आपण क्लबात विनोद सांगतो हे घरच्यांना कळू नये, म्हणून त्यांनी दोन भावांची नावे जोडून नवे नाव घेतले, डॅनी थॉमस. तात्पुरते घेतलेले हे नाव कायमचे चिकटले. लोक त्यांच्यासाठी क्लबात गर्दी करू लागले. वाट सापडली होती.

पडद्यावरचे वडील

दुसऱ्या महायुद्धात डॅनींनी उत्तर आफ्रिका, इटली आणि फिलिपाइन्स येथील सैनिकांसमोर कार्यक्रम केले. युद्धानंतर नभोवाणी आणि चित्रपट ही दोन्ही दारे उघडली. १९५१ साली डोरिस डे या अभिनेत्रीबरोबरचा त्यांचा चित्रपट गाजला. मात्र स्टुडिओच्या बड्या मालकांना त्यांचे लांब, बाकदार नाक खुपत होते. शस्त्रक्रिया करून ते नीट करून घ्या, असा सल्ला त्यांना एकाहून अधिक वेळा मिळाला. डॅनींनी तो मानला नाही. नाव बदललेल्या या माणसाने बापजाद्यांचा चेहरा मात्र बदलू दिला नाही.

१९५३ साली त्यांची 'मेक रूम फॉर डॅडी' ही मालिका सुरू झाली. या नावामागे त्यांचे स्वतःचे घर होते. डॅनी महिनोन्महिने दौऱ्यावर असत तेव्हा मुले आईजवळ झोपत, आणि ते परतले की वडिलांसाठी जागा करून देण्यासाठी त्यांना आपला बाडबिस्तरा हलवावा लागे. रोझ मेरी यांच्या बोलण्यातून हे शीर्षक आले. कामापायी घरापासून दूर राहणारा बाप हाच मालिकेचा विषय होता. डॅनी विल्यम्स हा क्लबातील कलाकार बाहेर हशा-टाळ्या मिळवतो, पण घरी आला की मुलांपुढे त्याची डाळ शिजत नाही. ओरडणारा, पण लगेच विरघळणारा हा बाप प्रेक्षकांना आपलासा वाटला. कॉफीचा घोट घेत असता धक्कादायक काही कानी पडताच तो तोंडातून फुर्रकन उडवणे, ही तर त्यांची खास ओळख झाली.

१९५५ साली त्यांना उत्कृष्ट अभिनेत्याचे एमी पारितोषिक मिळाले. पडद्यावरील पत्नी जीन हेगन तीन वर्षांनी मालिका सोडून गेल्या, तेव्हा त्या पात्राचा मृत्यू झाल्याचे दाखवण्यात आले. हसवणाऱ्या मालिकेत मरणाचा उल्लेख हे त्या काळी धाडसच होते. पुढे मार्जोरी लॉर्ड दुसऱ्या पत्नीच्या भूमिकेत आल्या. १९५७ साली मालिका दुसऱ्या वाहिनीवर गेली आणि तिने त्या वर्षी देशात लोकप्रियतेचा दुसरा क्रमांक गाठला. १९६४ पर्यंत, एकूण अकरा वर्षे ती चालली. तिच्यात टोनूसकाका नावाचे एक लेबनीज पात्र होते. मोठ्या आवाजाचे, मानी आणि कुटुंबावर जीव टाकणारे. परक्या मुलखातून आलेल्यांनी आपले मूळ झाकून ठेवण्याच्या त्या काळात, डॅनींनी आपल्या जुन्या देशाला दर आठवड्याला कोट्यवधी घरांत नेऊन बसवले.

डॅनी उत्तम निर्माते होते हे अनेकांना ठाऊक नसते. शेल्डन लेनर्ड यांच्याबरोबर त्यांनी उभ्या केलेल्या मालिकांतून अँडी ग्रिफिथ आणि डिक व्हॅन डाइक हे कलावंत अमेरिकेचे लाडके झाले. मेरी टायलर मूर ही तरुणी एकदा डॅनींच्या मुलीच्या भूमिकेसाठी चाचणी देऊन गेली होती. एवढ्या नाजूक नाकाची मुलगी माझी शोभणार नाही, म्हणून त्यांनी तिला नाकारले. पण तिचा अभिनय त्यांच्या लक्षात राहिला. १९६१ साली डिक व्हॅन डाइक यांच्या मालिकेसाठी नायिका मिळेना तेव्हा त्यांनी तिलाच शोधून काढायला लावले. दिलेला नकारही न विसरणारा हा माणूस दिलेले वचन कसे विसरेल?

दगडी मंदिर की आणखी काही?

आणि तरीही, खरे सांगायचे तर, वचन कित्येक वर्षे तसेच पडून होते. यश आले, पैसा आला, पण संत ज्यूडचे स्थान कोठे आणि कसे उभारायचे हे ठरत नव्हते. एखादी सुबक वेदी किंवा पुतळा उभारून मोकळे होणे त्यांना सहज शक्य होते.

त्यांनी सल्ला मागितला तो दृढीकरण देणाऱ्या महागुरुस्वामींचाच. स्ट्रिच आता शिकागोचे कार्डिनल होते. ते मूळचे टेनेसी राज्याचे, आणि तरुण धर्मगुरू असताना त्यांनी त्या राज्यातील मेम्फिस शहरात सेवा केली होती. तेथील गरिबी त्यांनी डोळ्यांनी पाहिली होती. जे काही करायचे ते मेम्फिसमध्ये कर, आणि गरजूंच्या उपयोगी पडेल असे कर, असा त्यांचा रोख होता. आजारी मुलांसाठी रुग्णालय हा विचार रुजला. मेम्फिसमधील डॉक्टरांशी, विशेषतः लेम्युएल डिग्ज यांच्याशी विचारविनिमय झाल्यावर त्याला निश्चित रूप आले. शहरात सर्वसाधारण रुग्णालये होती. नव्हती ती रक्ताचा कर्करोग, सिकल सेल अशा असाध्य बालरोगांवर उपचारांबरोबर संशोधन करणारी संस्था.

मग सुरू झाली झोळी फिरवणे. डॅनी आणि रोझ मेरी मोटारीने देशभर हिंडले. मदतीचे कार्यक्रम, मेजवान्या, भाषणे यांत वर्षे गेली. आईने वर्षभर दारोदार हिंडून फेडलेला नवस मुलगा आता देशाच्या पातळीवर फेडत होता. बांधकामाचा पैसा जमला तरी दररोजचा खर्च कोठून आणायचा, हा प्रश्न होताच. १९५७ साली त्यांनी अरब वंशाच्या सुमारे शंभर अमेरिकन प्रतिनिधींना शिकागोत एकत्र आणले. लेबनॉन-सीरियातून आलेल्या आपल्या आईवडिलांना या देशाने आसरा दिला, त्या ऋणाची परतफेड सर्वांनी मिळून करावी, असे आवाहन त्यांनी केले. तेथे अल्सॅक ही संस्था जन्मली. तीच आजही रुग्णालयासाठी निधी गोळा करते.

कार्डिनल स्ट्रिच यांचे १९५८ साली रोममध्ये निधन झाले. रुग्णालय पाहण्याचे त्यांच्या नशिबी नव्हते. ४ फेब्रुवारी १९६२ रोजी सुमारे नऊ हजार लोकांच्या उपस्थितीत सेंट ज्यूड चिल्ड्रन्स रिसर्च हॉस्पिटलचे उद्घाटन झाले. ताऱ्याच्या आकाराच्या त्या इमारतीचा आराखडा पॉल विल्यम्स या कृष्णवर्णीय वास्तुविशारदाने विनामूल्य दिला होता.

असाध्य ते साध्य

दक्षिण अमेरिकन राज्यांत तेव्हा गोऱ्यांचे आणि काळ्यांचे सारे काही वेगळे होते. शाळा, हॉटेले, रुग्णालये, पाण्याचे नळसुद्धा. सहाच वर्षांनी याच मेम्फिसमध्ये मार्टिन ल्यूथर किंग यांची हत्या झाली, यावरून तेथील वातावरणाची कल्पना यावी. अशा शहरात या रुग्णालयाने पहिल्या दिवसापासून काळ्या आणि गोऱ्या मुलांना एकाच कक्षात ठेवले. रुग्णांच्या कुटुंबांना उतरवून घेणाऱ्या हॉटेलाने कृष्णवर्णीयांनाही जागा दिली पाहिजे, नाहीतर आमचे कोणीच तुमच्याकडे येणार नाही, अशी अट घातली. वंश, धर्म किंवा ऐपत पाहून कोणाला परत पाठवायचे नाही, आणि उपचारांचे बिल कोणत्याही कुटुंबाच्या हाती द्यायचे नाही, हा नियम झाला. इस्पितळाच्या बिलापायी एकेकाळी झोप उडालेल्या बापाला या नियमाचे मोल कोणी सांगायला नको होते.

पण मुलांचे काय? येथे कथेचा सर्वांत कठीण भाग येतो. १९६२ साली बालवयातील सर्वाधिक आढळणाऱ्या रक्ताच्या कर्करोगात शंभरातील जेमतेम चार मुले वाचत. अशक्य गोष्टींच्या संताचे नाव दारावर कोरलेल्या त्या वास्तूत आईबापांच्या बहुतेक प्रार्थना शवपेटीपाशी संपत होत्या. नवसाची भाषा येथे थिटी पडते. त्या आईबापांची श्रद्धा कमी होती का? मुळीच नाही.

उत्तर आले ते चिकाटीच्या वाटेने. रुग्णालयाचे पहिले संचालक डॉ. डोनाल्ड पिंकेल पोलिओतून उठलेले होते. त्या काळी बहुतेक डॉक्टर अशा मुलांच्या वेदना कमी करण्यापलीकडे जात नसत. पिंकेल यांनी रोग मुळापासून बरा करण्याचेच ध्येय ठेवले. अनेक औषधे एकत्र देणे, मेंदू आणि मज्जारज्जूत दडून बसणाऱ्या रोगपेशींवर स्वतंत्र उपचार करणे, असे टप्प्याटप्प्याने प्रयोग झाले. एका प्रयोगातील चुका पुढच्या प्रयोगात सुधारल्या गेल्या. १९७० च्या दशकाच्या आरंभी यातील सुमारे निम्मी मुले बरी होऊ लागली. जगभर पसरलेल्या या उपचारांमुळे आज तेथे हे प्रमाण शंभरात सुमारे चौऱ्याण्णव आहे. आणि हे ज्ञान संस्थेने स्वतःपाशी न ठेवता जगभरच्या डॉक्टरांना खुले केले.

शेवटचा प्रवेश

डॅनी अखेरपर्यंत काम करीत राहिले. १९७० च्या दशकातील त्यांच्या मालिकांना पूर्वीचे यश लाभले नाही, पण त्याची खंत त्यांनी फार बाळगलेली दिसत नाही. त्यांचा बराचसा वेळ रुग्णालयासाठी जाई. थोरली मुलगी मार्लो स्वतः नामवंत अभिनेत्री झाली आणि मुलगा टोनी निर्माता. मार्लो आणि तिची भावंडे वडिलांचे काम पुढे नेत राहिली. १९८५ साली राष्ट्राध्यक्ष रोनाल्ड रेगन यांच्या हस्ते डॅनींना अमेरिकन संसदेचे सुवर्णपदक प्रदान झाले.

४ फेब्रुवारी १९९१ रोजी रुग्णालयाचा एकोणतिसावा वर्धापनदिन साजरा झाला. डॅनी त्यात सहभागी झाले होते. दोनच दिवसांनी, ६ फेब्रुवारीला, वयाच्या एकोणऐंशीव्या वर्षी हृदयक्रिया बंद पडून त्यांचे निधन झाले. त्यांचा देह हॉलिवूडमध्ये न ठेवता मेम्फिसला नेण्यात आला आणि रुग्णालयाच्या आवारातच त्यांना चिरविश्रांती देण्यात आली. २००० साली रोझ मेरी यांनाही तेथेच, त्यांच्याशेजारी जागा मिळाली. कामापायी वर्षानुवर्षे घराबाहेर राहिलेल्या नवऱ्याला आणि त्याची वाट पाहणाऱ्या पत्नीला अखेर एकत्र विसावा लाभला, तो आजारी मुलांच्या सान्निध्यात.

प्रिय वाचकहो, पवित्र शास्त्रात नवसाची दोन चित्रे आहेत. इफ्ताहाने घाईने नवस केला आणि त्याची किंमत त्याच्या निरपराध लेकीला मोजावी लागली. हन्नाने पुत्र मागितला आणि मिळालेला पुत्रच देवाच्या सेवेला वाहिला. पहिल्यात देवाशी सौदा आहे, दुसऱ्यात मिळालेले दान पुढे देणे आहे. डॅनी थॉमस हन्नाच्या वाटेने गेले. त्यांनी वाट मागितली होती, आणि जी वाट मिळाली ती हजारो मुलांसाठी खुली करून दिली. बोललेला शब्द आणि रुग्णालयाचे उघडलेले दार यांच्यामध्ये वीस वर्षांहून अधिक काळ गेला, यातही आम्हांला दिलासा वाटतो. उशीर झाला म्हणून नवस बुडत नाही. तो विसरला की बुडतो.

पुढच्या खेपेस संत ज्यूडपुढे मेणबत्ती लावताना, आपण पूर्वी काय कबूल केले होते ते क्षणभर आठवून पाहू या. कदाचित आपला नवसही एखाद्या इस्पितळातील खाटेपाशी, शेजारच्या अडलेल्या घरापाशी, आपली वाट पाहत उभा असेल.